डाव्या कोपऱ्याची जागा

४ जानेवारी, रविवार
कबड्डीत कळंबला हरवलं. चार गुणांनी, आपल्याच मैदानावर. पण राहुलचा गुडघा गेला. डाव्या कोपऱ्यावर पकडीला तोच एक भरवशाचा. दोघांनी उचलून बाहेर नेला तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं, हा सीझन संपला.

प्रशिक्षक देवरावभाऊंनी आजूबाजूला पाहिलं आणि हाक मारली ती ब संघातल्या मंगेशला. तो प्रेक्षकांत बसून बोरं खात होता. उरलेली बोरं शेजारच्याच्या हातात देऊन उठला. मॅटवर कधी खेळलेलाच नाही. ब संघ मातीवर खेळतो, अनवाणी. राहुलचे जोडे एक नंबर मोठे, पुढे कागद कोंबला. दोनदा घसरला. मागून कोणीतरी, "अबे, तेल लावून पाठवला का याले!" सगळे हसले. मीही हसलो. (हे लिहून ठेवतो.)

मग कळंबच्या त्या महागड्या रेडरचा घोटा धरला. धरला म्हणजे सोडलाच नाही.

५ जानेवारी, सोमवार
शेखरच्या कृषी केंद्रात बसलो. तो, देवरावभाऊ, मी. मी खताच्या पोत्यावर, कारण खुर्च्या दोनच. विषय: ब संघ चालू ठेवायचा की नाही. खजिनदार म्हणून शेखरचं म्हणणं सरळ आहे. मानधनाची मर्यादा भरत आली आहे. ब संघाचे दोन सामने उरलेत, एक कळंबला, एक इथे. तेवढ्यापुरतीच जागा मर्यादेत शिल्लक. ब संघ आजच बंद केला तर तेवढ्यात उपांत्य फेरीसाठी कोणी बरा माणूस आणता येईल.

देवरावभाऊ म्हणाले, "रेडर बाजारात भेटते. कोपरा नाई भेटत. कोपरा घरी करा लागते."

शेखर: "भाऊ, तुमचं खरं आहे. पण ब संघाचा खर्च मर्यादेत मोजा लागते. मी नाई म्हनत, नियम म्हनते. नियम कोनाचा आहे, हे मी बोलत नाई."

आणि माझ्याकडे न पाहता चहा ओतला.

नियम माझा आहे. लीगच्या समितीचा सचिव मी, आणि दोन वर्षांपूर्वी मसुदा मीच लिहिला. मोठ्या गावांनी पैशाच्या जोरावर सगळे रेडर उचलून नेऊ नयेत म्हणून संघाच्या एकूण मानधनाला मर्यादा घातली. ते अजूनही बरोबर वाटतं. पण त्याआधीच्या वर्षी एका संघाने रेडरचे पैसे देणगीदारांच्या हिशेबात 'ब संघाचा नाश्ता' म्हणून दाखवले होते. म्हणून मी नियम नऊ घातला: ब संघाचा प्रवास, जेवण, सगळं मर्यादेतच धरायचं. तेव्हा आठही गावांचे ब संघ होते. आज तीन.

बैठकीत काही बोललो नाही. पंधरा दिवस थांबू, असं ठरलं.

८ जानेवारी, गुरुवार
मंगेशचा दुसरा सामना, यवतमाळला. पाच पकडी. पाय अजून मातीचेच आहेत, वळताना अडखळतो. पण रेडर आत आला की त्याची नजर चेहऱ्यावर जात नाही. कमरेखाली, एकाच जागी. देवरावभाऊंना विचारलं, हे तुम्ही शिकवलं? "चार वर्स मातीत मार खाल्ला त्यानं. मी कायले शिकवू!"

वय बावीस. आमच्या काळी मी अठराव्या वर्षी जिल्ह्याकडून खेळलो. चढाई करणारा लवकर दिसतो. मी रेडर होतो म्हणून मला लवकर दिसलेलेच तेवढे आठवतात की काय.

९ जानेवारी, शुक्रवार
बारावीला 'कमाल किंमत' शिकवली. नेहमीचा प्रश्न टाकला: सरकारने किंमत बांधून दिली की पुढे काय होतं? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "माल गायब होते सर."
कुठे जातो?
"दिसत नाई सर. पण कोनाले तरी भेटत नाई."
पुस्तकात यापेक्षा वाईट लिहिलंय. तास संपल्यावर उरलेलं अर्थशास्त्र शिकवायची इच्छा राहिली नाही.

११ जानेवारी, रविवार
मंगेश घरी आला. दारातच जोडे काढून उभा. बायकोने, वर्षाने, बळेच बसवलं, पोहे दिले. पोहे संपवले आणि एका दमात:

"सर, मुकुटबनले सिमेंटच्या कारखान्यात मोठे बाबा लावून देऊन राह्यले. ठेकेदाराकडं. दोन फेब्रुवारीले हजर व्हा लागते. घरी सारे जा म्हनते. तुम्ही सांगा, जाऊ का थांबू?"

मी विचारलं, तुला काय वाटतं?

"मले वाटून काय होते? अ संघात जागा आहे का मले? नसन तं पुढच्या साली ब संघ तरी राहीन का? येवढं मालूम झालं तं घरी भांडतो."

म्हणालो, एक तारखेला समितीची बैठक आहे, ती झाली की सांगतो. सांगतो म्हणजे काय, हे त्यानेही विचारलं नाही. मी स्वतःला विचारायला हवं होतं.

तो गेल्यावर वर्षा म्हणाली, "पोरगा चांगला आहे. तुम्ही त्याला ठरावासारखं उत्तर दिलं."

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. देवरावभाऊंकडे तिळगूळ. भाऊंच्या अंगणात गंजीजवळ तुरीच्या शेंगा वाळत पडलेल्या. त्यांनी सहज विचारलं, "अनिल, तू नियम लिवला तवा कोपरेवाला डोयासमोर होता का तुया?"

घरी येऊन मसुद्याची फाइल काढली. माझी सवय आहे, प्रत्येक नियमाखाली एक उदाहरण द्यायचं, म्हणजे खेडोपाडीच्या मंडळांना सोपं जातं. तीन उदाहरणं आहेत. तिन्ही रेडरची. 'समजा, एका रेडरला...' 'समजा, दुसऱ्या गावाहून रेडर आणला...'

आणि नियम नऊचं शेवटचं वाक्य. ते लिहिलं त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो, हे नक्की आठवतं: 'रक्कम प्रत्यक्ष दिली किंवा घेतली नसली, तरी ती ठरावीक दराने धरली जाईल.' म्हणजे कोणी 'आमचा खेळाडू फुकट खेळतो' असं सांगून पळवाट काढू नये.

वर्षाला वाचून दाखवलं. ती तीळ निवडत होती. "तुम्ही नियम लिहायला बसता तेव्हा समोर चोर बसलेला असतो तुमच्या. दुसरं कोणी बसलेलं मी तरी पाहिलं नाही."

१७ जानेवारी, शनिवार
जिंकलो. उपांत्य फेरीत पोचलो. मंगेशच्या सात पकडी. आज कोणी हसलं नाही. शिट्ट्या. पोरांनी खांद्यावर घेतलं तेव्हा त्याचा एक जोडा गर्दीत पडला, आणि तो वरूनच ओरडत होता, "अबे जोडा! जोडा राहुलभाऊचा आहे!"

त्याचा तिसरा सामना होता. नियम नऊ, दुसरं वाक्य: ब संघातला खेळाडू अ संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने खेळेल, चौथ्यापासून तो अ संघाचा, आणि त्याचं किमान मानधन मर्यादेत मोजलं जाईल.

सगळे नाचत होते. मी मोजत होतो. शेखरने माझ्याकडे पाहिलं. तोही मोजत होता.

१८ जानेवारी, रविवार
शेखरचा सकाळीच फोन. आनंदात. "अनिलभाऊ, बराबर जमते! मंगेशचं किमान मानधन आन् ब संघाचे उरलेले दोन सामने, येकच रक्कम. ब संघ बंद करा, मंगेशले घ्या. कायद्यात बसते. तुमच्याच कायद्यात!"

पडताळून पाहिलं. बसतं. रुपयाचाही फरक नाही.

म्हणजे मंगेशला जागा द्यायची तर ज्या संघात तो चार वर्षं मार खाऊन तयार झाला, तो संघ बंद करायचा. मंगेश उभा राहील. त्याच्यामागे कोणी राहणार नाही. उरलेल्या नऊ पोरांना काय सांगायचं? मैदानावर चुना मारा?

बाहेरून आणलेल्या दोन रेडरचे करार झालेले आहेत, तिथून काही निघत नाही. शेखरला म्हणालो, भाऊंना विचारतो. "भाऊले काय इचारता? ते तं म्हनतीन दोघंबी ठेवा. मी बी म्हनतो दोघंबी ठेवा. लिहून द्या तुम्ही!"

१९ जानेवारी, सोमवार
सचिव म्हणून मी समितीकडे सवलत मागू शकतो. अर्ज येणार माझ्याकडेच. टिपण मीच लिहिणार. आपल्याच मंडळासाठी. दुसऱ्या कुठल्या गावाने हे केलं असतं तर मी काय म्हणालो असतो, हे मला तंतोतंत माहीत आहे.

अर्ज लिहिला. फाडला. कॉलेजला उशीर.

२१ जानेवारी, बुधवार
मैदानावर गेलो. देवरावभाऊंनी पोरांना सगळं सांगून टाकलं होतं. मला विचारलंही नाही. बरं झालं.

ब संघाची नऊ पोरं मातीत गोल बसलेली. त्यांच्यातला एक पुढे आला, "सर, आमी कळंबले आपापल्या गाडीनं जातो. डबे घरून आनतो. मंडळाचा येक रुपया नाई लागत. मंग तं दोघंबी होते ना?"

त्यांना वाटलं, सुटलं. मला सांगावं लागलं की तरीही खर्च धरला जाईल. ठरावीक दराने.

"पन सर, खर्चच नाई झाला तं धरता कसा?"

उत्तर होतं माझ्याजवळ. दोन वर्षांपूर्वी समितीत हेच उत्तर मी पंधरा मिनिटं दिलं होतं आणि सगळ्यांना पटलं होतं. आज त्या पोरांसमोर एक वाक्यही धड झालं नाही. म्हणालो, नियम तसा आहे.

मंगेश इतका वेळ पाय चोळत होता. उठला. "मंग मी कळंबले जातो. ब संघातून. इचारायची गोष्टच नाई." शेखर भडकला, "अबे, उपांत्य फेरी सोडून मातीत लोळाले जातं का? उद्या पस्तावशीन!" मंगेश: "शेखरभाऊ, मी येकटा खेळीन आन् हे नऊ घरी बसतीन, तं गावात तोंड कसं दाखवू? यायच्याच टांगा धरून शिकलो नं मी."

देवरावभाऊ शिट्टी तोंडात धरून उभे.

मला सुटल्यासारखं वाटलं. बावीस वर्षांच्या पोराने माझा निर्णय घेतला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याची लाज वाटते. वाटली पाहिजे.

२५ जानेवारी, रविवार
यवतमाळ. उपांत्य फेरी. मी पंचांच्या टेबलावर, गुणपत्रकावर. डाव्या कोपऱ्यावर जगदीश उभा केला. तो बिचारा मधला खेळाडू. समोरच्यांना तीन मिनिटांत कळलं. प्रत्येक चढाई डावीकडे. मी टेबलावरून प्रत्येक गुण माझ्या हाताने लिहिला. तीन गुणांनी हरलो.

आपल्या दोन रेडरनी खोऱ्याने गुण आणले. पैसे वसूल, तक्रारीला जागा नाही. पण गुण आणता आणता दुसऱ्या बाजूने सांडत होते.

शेखर गाडीत पुढे बसला, आपली आर्णी येईपर्यंत नजर खिडकीबाहेर.

कळंबहून मंगेशचा मेसेज: 'सर जिंकलो. ८ पकडी. मातीवर मजा येते. चिंतामणीचे दर्शन घेतले सगळ्यांनी.' खाली फोटो. दहा जण, डबे उघडलेले. भाकरी, ठेचा, कोणाच्या तरी डब्यात पुरी.

२७ जानेवारी, मंगळवार
दुरुस्तीचा मसुदा लिहिला. ब संघाचा खर्च मर्यादेबाहेर. स्वतःच्या ब संघातून वर आलेल्या खेळाडूचं किमान मानधन त्या वर्षी मर्यादेबाहेर. फक्त स्वतः घडवलेल्या खेळाडूसाठी.

लगेच डोक्यात: मग लोक बाहेरचा खेळाडू दोन दिवस ब संघात दाखवतील. लगेच एक अट घातली, दोन वर्षं ब संघात खेळलेला हवा. मग वाटलं, हजेरी कोण तपासणार? दुसरी अट. तिसरी. मसुदा दीड पान झाला. वर्षा चहा ठेवून गेली, चष्म्यावरून फक्त पाहिलं.

दोन अटी खोडल्या. एक ठेवली. उदाहरण कोपरेवाल्याचं दिलं.

१ फेब्रुवारी, रविवार
बैठक सकाळी दहाला. सात सभासद. मसुदा वाचला. एक जण हसत म्हणाला, "सर, तुमचा संघ जिंकत होता तवर नियम चांगला होता. हरले तं खराब झाला का?"

सगळे हसले. त्यात खोट नव्हती. मीही तेच विचारलं असतं. म्हणालो, माझं मंडळ यात गुंतलेलं आहे, मी मत देत नाही. व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. कोणी जा म्हटलं नव्हतं.

तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली तर जुना नियम कायम. (हेही माझंच कलम.) मे महिन्यात पुन्हा विचार करू, असं अध्यक्ष म्हणाले.

मी हात वर केला असता तर झालं असतं.

परत येताना सगळा रस्ता तेच. मी बाहेर गेलो ते प्रामाणिकपणासाठी, की प्रामाणिक दिसण्यासाठी? कोणाला दाखवायचं होतं? खोलीतल्या सहा जणांना काही फरक पडत नव्हता. पडत होता तो एकाला, आणि तो खोलीत नव्हता.

दुपारी मंगेशला फोन केला. सगळं सांगितलं. माझं मत न दिल्याचंही सांगितलं. नसतं सांगितलं तर त्याला कळलंही नसतं.

त्याने विचारलं, "काहून नाई देल्लं सर?"

रागावून नाही. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी काय सांगितलं ते नीट आठवत नाही. मोठे मोठे शब्द होते. तो म्हणाला, "ठीक आहे सर. सकाळची पांढरकवड्याची गाडी आहे."

वर्षाला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "यावेळी समोर कोण बसलं होतं?"

२ फेब्रुवारी, सोमवार
पहिल्या तासाला सुट्टी टाकून स्टँडवर गेलो. का गेलो? थांब म्हणायला नाही, तो अधिकार नाही. गाडी लागलेली होती. मंगेश खिडकीजवळ, मांडीवर बॅग. मला पाहून उतरला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "सर, राहुलभाऊचे जोडे देवरावभाऊकडं देऊन आलो. कागद काढून टाकला आतला. मॅटचं तं आता..." वाक्य तिथेच सोडलं.

मी विचारलं, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी?

"मालूम नाई सर. ठेकेदार सांगन तवा."

तो चढला, गाडी हलली. नेहमीसारखा नमस्कार केला त्याने. मी हात वर केला. आज केला.

स्टँडवरून तसाच मैदानावर. देवरावभाऊ एकटेच चुना मारत होते. येत्या रविवारी ब संघाचा शेवटचा सामना, इथेच, मातीवर. संघाची यादी आज पाचपर्यंत समितीला द्यायची. म्हणजे मलाच. त्यांनी चुन्याच्या हाताने कागद पुढे केला, "लिही."

नऊ नावं लिहिली. भाऊ म्हणाले, "धा लिही. डावा कोपरा मंगेश."

म्हणालो, भाऊ, त्याला सुट्टी मिळेल की नाही, त्यालाच माहीत नाही. यादीत नाव म्हणजे खेळाडूची संमती गृहीत. संमती नसताना नाव...

"लेका, त्याले यायचं असन आन् नाव नसन, तं कोनाचा नियम लागन?"

माझाच. यादीत नाव नसलेल्याला मैदानात उतरता येत नाही.

आजवर एकाही यादीत विचारल्याशिवाय नाव घातलेलं नाही. पेन तसंच धरून उभा. भाऊ पुन्हा चुना मारायला वळले. डाव्या कोपऱ्यापर्यंत रेष गेली, वळली.

लिहिलं. १०. मंगेश. समितीचा शिक्का घरी आहे. पाचला अजून सात तास.